स्प्लेंडरचे टॅपेट, बुलेटचे पुशरॉड आणि माझी एक चूक

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. मग मूळ लेख पुन्हा उघडून पाहिला आणि कळलं की तुमचा पहिला मुद्दा सोळा आणे खरा आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टॅपेट सेटिंग म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप) आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यामधली बारीक फट, म्हणजे गॅप, मापात ठेवणं. त्यावरचा माझा लेख वाचून काकांच्या पुतण्याने रविवारी घरी स्प्लेंडर उघडली. "टी खूण जुळवा आणि ०.०५ ची पट्टी घाला" एवढं मी लिहिलं होतं (टी म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खूण; पट्टी म्हणजे फट मोजायची ०.०५ मिलिमीटर जाडीची पत्र्याची पट्टी, तिलाच फिलर गेज म्हणतात), तेवढंच त्याने केलं, आणि गाडी शिलाई मशीनसारखी वाजू लागली. काकांची दुसरी तक्रार अशी की तीस वर्षं बुलेट चालवली, त्यांच्या मिस्त्रीने कधी फिलर गेज हातात धरलं नाही; गॅप ठेवायचीच नसते, सगळं बोटावर आणि कानावर. आणि शेवटी, शंभर-दीडशे रुपयांच्या कामासाठी पोरांना इंजिन उघडायला लावणं हा आगाऊपणा आहे.

पहिल्याबद्दल पुतण्याची माफी मागतो. चूक त्याची नाही, माझी आहे. फोर स्ट्रोक इंजिनात एका चक्राला क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरणारा दांडा) दोनदा फिरतो, म्हणून त्याच्या टोकाच्या मॅग्नेटवरची टी खूण खिडकीत दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनच्या (हवा दाबण्याच्या) शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्ट (धूर बाहेर जाणं) संपून इनटेक (हवा आत येणं) सुरू होताना, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. पुतण्याला ही दुसरी खूण लागली. तिथे रॉकर कडक असणारच. बिचाऱ्याने पट्टी आत जाईपर्यंत रॉकरवरचा स्क्रू सैल केला, म्हणजे व्हॉल्व्ह जेवढा उचललेला होता तेवढी जास्तीची गॅप दोन्हीकडे देऊन टाकली. आवाज आला नसता तरच नवल.

ओळखायचं कसं, हे मी लिहायला हवं होतं. प्लग काढून ठेवायचा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. डाव्या बाजूने बघत क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा आणि वरच्या टोपीतून इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवायची. तो खाली दाबला जाऊन परत वर आला की त्यानंतर येणारी पहिली टी खूण आपली. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर हवेचा दाबही जाणवतो. खूण जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघायचे. दोघांतही जराशी टकटक हवी. दोन्ही गच्च लागले तर आणखी एक पूर्ण फेरा. (मॅग्नेट कव्हरची मधली टोपी निघत नाही म्हणून छिन्नी-हातोडी लावणारे मी पाहिलेत. खाचेत नीट बसेल असं रुंद काहीतरी घ्या, गरज पडली तर एखादं नाणं. त्या खाचेचा एकदा चुरा झाला की पुढच्या वेळी रडायची पाळी येते.)

आता बुलेट. तुमचा मिस्त्री बरोबर आहे, पण तुमच्या गाडीपुरता. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला थंड इंजिनवर गॅप शून्यच ठेवतात: पुशरॉड (कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेणारी काठी) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. त्यात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्याचा दांडा, खाली असतो, पुशरॉड लांबच्या लांब असतात, आणि इंजिन तापलं की बॅरल (सिलिंडर) वाढून गॅप आपोआप उघडते. उजव्या बाजूचं ते छोटं झाकण काढून बोटाने पुशरॉड फिरवणं म्हणजेच तुमच्या मिस्त्रीचं फिलर गेज. त्याला मी अडाणी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण स्प्लेंडरमध्ये पुशरॉडच नाहीत. कॅम हेडमध्ये (इंजिनच्या डोक्यात), त्याच्यावर रॉकर, रॉकरखाली थेट व्हॉल्व्ह. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, हेडही फुगतं, दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात. कंपनीने तो हिशेब थंड इंजिनच्या आकड्यात आधीच करून ठेवलेला असतो. माझ्या जुन्या स्प्लेंडरला तो आकडा दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिलिमीटर आहे. दुसऱ्या गाडीला हाच आकडा लावू नका, आपापल्या गाडीचं पुस्तक बघा. बुलेटच्याच पुढच्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात) ऑइलच्या दाबाने गॅप आपणच भरणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, तिथे हे सेटिंगच उरलं नाही. आणि ड्यूक ३९० सारख्या शिमवाल्या इंजिनाच्या (गॅप पातळ चकत्या बदलून ठरते) वाटेला माझा लेख वाचून कोणी जाऊ नये.

कानाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. गॅप जास्त झाली तर आवाज येतो, हे कानाला कळतं. गॅप संपली तर काहीच ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना टेकतो त्या कडेवर) आदळून आदळून हळूहळू हेडमध्ये रुततो, तसं त्याचं टोक रॉकरकडे सरकतं आणि गॅप कमी होत जाते. म्हणजे गाडी दिवसेंदिवस शांत होत जाते आणि आपण खूश. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. तो पुरता टेकलाच नाही, तर गार व्हायला फुरसत नाही, आणि वर त्या फटीतून पेटलेला गॅस निसटत राहतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी अमरावतीहून अकोल्याला आलो आणि तसाच तापलेल्या गाडीवर एका गॅरेजात गेलो. "टॅपेट वाजताहेत, आवाज बंद करून द्या," म्हणालो. त्या माणसाने पाच मिनिटांत, पट्टीबिट्टी न लावता, आवाज जाईपर्यंत आवळून दिले. गाडी लोण्यासारखी चालायला लागली, मी वर चहाचे पैसे दिले. दीडेक महिन्याने गाडी तापली की सिग्नलला बंद पडू लागली, सकाळी पंधरा-पंधरा किका. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, फरक नाही. हेड उघडलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी जळालेली खाच होती. नवा व्हॉल्व्ह, सीट कटिंग, घासकाम. त्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. त्याने मी मागितलं तेच दिलं.

०.०५ म्हणजे किती हेही एकदा डोळ्यांसमोर आणा. स्क्रूच्या आट्याची पिच (एका फेऱ्यात स्क्रू पुढे सरकतो ते अंतर) अर्धा मिलिमीटर धरली, तर हा फरक म्हणजे एका फेऱ्याचा दहावा हिस्सा, मिनिटकाटा सहा मिनिटांत जेवढा सरकतो तेवढा. नुसता लॉकनट (स्क्रू जागेवर पकडून ठेवणारा नट) आवळतानाही स्क्रू तेवढा सहज सोबत फिरतो. म्हणून स्क्रू किल्लीने धरून ठेवायचा, नट आवळायचा आणि पट्टी पुन्हा घालून बघायची. मला अजूनही पहिल्या फटक्यात जमत नाही. पट्टी ओढताना किंचित अडल्यासारखी वाटली पाहिजे. ती कागदापेक्षा पातळ असते, ढकलली की दुमडते आणि दुमडलेली पट्टी खोटं बोलते. एवढं करूनही आवाज राहिलाच, तर स्क्रूचं टोक बघा. तिथे झिजून खळगा पडला असेल तर पट्टी खळग्यावरून आडवी जाते आणि खरी गॅप मापात येतच नाही. तेव्हा स्क्रू बदलायचा, आवळायचा नाही.

राहिली पैशांची गोष्ट. शंभर रुपये वाचवायला मी हे करत नाही. चांगली पट्टी आणि टॅपेटची किल्ली घेतली की तेवढे आधीच गेले. गॅरेजात गाडी नेली की ती तापलेलीच पोचते आणि ती रात्रभर थंड करायला कुठल्याच मिस्त्रीला परवडत नाही. इंजिन ३५ अंशांच्या खाली हवं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी अंगणातला नळसुद्धा त्याहून गरम असतो! घरी मी सकाळी सहाला बसू शकतो, एवढाच माझा फायदा. तुमचा मिस्त्री रात्री गाडी ठेवून घेत असेल आणि सकाळी पट्टी लावत असेल, तर पुतण्याला खुशाल त्याच्याकडे पाठवा.

मूळ लेखातला टी खुणेचा परिच्छेद आज बदलला आहे. पुतण्याला सांगा, चार-सहा किलोमीटर तशी चालवली असेल तर घाबरायचं कारण नाही, सैल टॅपेटने व्हॉल्व्ह जळत नाही. पण आता लांब नेऊ नकोस. उद्या सकाळी पुन्हा उघड, आणि एक्झॉस्टची टोपी खालच्या बाजूला असते, तिच्यातून थोडं ऑइल गळेल, तेव्हा खाली फडकं ठेव. टोपीची ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी टाक, आणि टोपी जोर लावून आवळू नकोस. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे लगेच जातात. खूण पुन्हा चुकीची लागतेय असं वाटलं, तर रॉकर दिसतील असा फोटो काढून पाठवायला सांगा.