फेदर स्टार प्रवाळ खात नाही, त्याला उपटू नका

भाची पुढच्या आठवड्यात अंदमानला स्कूबा डायव्हिंगसाठी निघाली आहे. काल तिने सगळीकडे फिरणारा एक व्हिडिओ पाठवून विचारलं, "मावशी, हे दिसलं तर उपटून टाकू का गं?" व्हिडिओत फेदर स्टार पोहतोय आणि खाली लिहिलंय: ‘समुद्रातलं चालतं झाड. मुळं सोडवून पोहतं, प्रवाळ खातं, विषारी असतं. दिसताच उपटा, प्रवाळ वाचवा!’

झाड अजिबात नाही. तारामासा, समुद्रकाकडी यांच्या कुळातला हा कंटकचर्मी प्राणी. शाळेच्या पुस्तकात हा गट असतो. ‘मुळं’ म्हणजे खडक धरून ठेवणारे आकड्यांसारखे अवयव. हां, लहानपणी त्याला देठ असतो, एवढं मान्य करते. तो देठवाला जीव वेगळाच प्राणी आहे असं आधी निसर्गअभ्यासक जॉन व्हॉन थॉम्पसन यांनाही वाटलं होतं. १८३६ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की ते फेदर स्टारचं पिल्लू आहे. मोठं होताना ते देठ सोडून मोकळं होतं. पोहणं सगळ्यांना जमतही नाही, बरेचसे नुसते सरपटतात.

‘प्रवाळ खातं’ हे वाचून मात्र संतापच आला. याचं तोंड असतं वरच्या बाजूला, आणि प्रवाळ असतो खाली, आकड्यांशी! हा हात पसरून बसतो. हातांना पिसांसारखे फाटे, फाट्यांवर इवलेसे नलिकापाद, म्हणजे नळीसारखे मऊ पाय. प्रवाहातून वाहत येणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, ते टिपतात आणि हातावरच्या खोबणीतून तोंडाकडे सरकवतात. प्रवाळ कुरतडायला ना दात, ना जबडा. प्रवाळ खातो तो काटेरी मुकुटवाला तारामासा, पोट बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि जागीच पचवतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळ पट्ट्यावर त्याला आवरायला प्रशिक्षित पाणबुडे व्हिनेगर टोचतात. नावात ‘स्टार’ दिसला म्हणून शिक्षा दुसऱ्यालाच?

आणि उपटायचं म्हणजे काय करायचं? हात लावताच त्याचे हात चिकटतात, तुटतात. आकडे घट्ट असतात, ओढताना प्रवाळाची फांदीच मोडेल. हातांमध्ये राहणारी कोळंबी, छोटे मासे उघड्यावर येतील. तुटलेले हात पुन्हा वाढतात, पण म्हणून ते तोडायचे का?

विषाचं म्हणाल, तर काही जातींतली रसायनं माशांना नकोशी वाटतात. डंख मारायला त्याच्याकडे नांगीच नाही.

भाचीला सांगितलंय, रात्रीचं डायव्हिंग असेल तर नक्की जा. दिवसा कपारीत दडलेले बरेच फेदर स्टार तेव्हा वर येऊन हात पसरतात. टॉर्च लांबून धर, आणि स्वतःचे हात छातीशी घट्ट ठेव.