चिपळूणात टू बीएचके शोधणं म्हणजे

काल चिंचनाक्यावर चहा सांगितला आणि मन्याचं परत तेच दळण सुरू. नोकरी लोट्याला, बायकोची शाळा इथे, आईवडील आता कायमचे राहायला येणार, त्यात आईचे गुडघे गेलेले, बजेट ९ हजार.

बाळ्या म्हणाला, "बाजारपेठेमागे तळमजल्याचा साडेसातला आहे की, घे ना."

"बघून आलो. भिंतीला नवा रंग मारलाय पण सगळे स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्या वर. आईला पंखा लावायला स्टूल लागेल. आणि कपाट उघडलं तर आत चिखलाची रेघ अजून तशीच, २०२१ च्या पुराची."

यावर कोणी काही बोललं नाही, कारण २२ जुलैला बाळ्याचाच फ्रीज गल्लीतून तरंगत गेला होता. म्हणजे इथे गणित सोपंय, खाली राहिलात तर वाशिष्ठी नदीचं पाणी आणि वर राहिलात तर जिना, लिफ्टवाली बिल्डिंग बघायला गेलात की भाडं थेट १३ हजार आणि डिपॉझिट वेगळं.

मी म्हटलं खेर्डीत बघ. तर सुध्या उसळला, "खेर्डी काय डोंगरावर आहे? तिथे पण पाणी भरलेलंच!" मग कापसाळ निघालं, मग रिक्षाभाडं निघालं, मग अॅग्रीमेंट. एक मालक मन्याला म्हणाला, ११ महिन्यांचंय ना, साध्या स्टॅम्पवर करू, रजिस्टर कशाला. सुध्या आता वकिलाकडे बसतो त्यामुळे त्याला चेवच आला. "अरे ११ महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावंच लागतं, १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. आणि जबाबदारी मालकाची! फी किती, तर नगरपालिका हद्दीत १०००, ग्रामपंचायतीत ५००, वर थोडी स्टॅम्प ड्युटी. उलट रजिस्टर नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, मालकाने खोटं सिद्ध करेपर्यंत."

"ते कोर्टात रे," मन्या म्हणाला, "मला घर पायजे, केस नको."

खरी मेख वेगळीच आहे. आमच्याच बिल्डिंगमध्ये तीन टू बीएचके कुलूप लावून पडलेत, मालक मुंबईला. पहिल्या मजल्यावरच्याची चावी आमच्या आईकडे असते, पंधरा दिवसांनी जाऊन खिडक्या उघडते, नाहीतर पावसात गाद्यांना बुरशी धरते. मी तिथूनच मालकांना फोन लावला. काका लगेच तयार, ८ हजार, रजिस्टर पण करू म्हणाले, फक्त गौरी-गणपतीचे सात दिवस आणि शिमग्याला चार दिवस घर मोकळं करून द्यायचं.

बाळ्या हसायला लागला. मन्या मात्र बोटं मोजत होता. "अकरा दिवस... तेवढे दिवस गावी जाऊ रे आम्ही. पण फ्रीज आमचा राहील ना तिथेच?"