तो एआय बाळासारखा शिकला नाही, आणि टीव्हीही लावून ठेवू नका

सगळ्या पालक ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की शास्त्रज्ञांनी बाळाच्या डोक्याला कॅमेरा लावला, ते व्हिडिओ एआयला दाखवले आणि तो अगदी बाळासारखी भाषा शिकला, म्हणजे मुलं नुसतं बघून-ऐकून शिकतात, टीव्ही लावून ठेवा, बोलणं आपोआप येईल. कॅमेऱ्याचं खरंय. पुढचं नाही.

"बाळासारखा शिकला": नाही हो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टीमचा हा अभ्यास 2024 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला, ऑस्ट्रेलियातलं एक बाळ 6 ते 25 महिन्यांचं असतानाचं साधारण 61 तासांचं फुटेज. पण मॉडेलला, म्हणजे त्या एआयला, आवाज दिलाच नव्हता! मोठी माणसं काय बोलली ते आधी टाइप करून घेतलं आणि ते शब्द दिले. बाळाच्या कानावर मात्र "बघबघबॉलकुठेगेला" असं सलग येतं, त्यात एक शब्द कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते त्याचं त्यालाच शोधावं लागतं, आणि 8 महिन्यांची बाळं ते करतात हे 1996 पासून माहीत आहे. म्हणजे सगळ्यात अवघड काम मॉडेलला आयतं मिळालं.

"भाषा शिकला": 22 शब्द तपासले, चार चित्रांतलं बरोबर कुठलं ते ओळखायचं, साधारण 62 टक्के जमलं (अंदाजपंचे 25). मला हे खरंच भारी वाटतं, एका घरातल्या एवढ्याशा फुटेजमधून शब्द आणि वस्तू जुळू शकतात हे कळलं. पण जुळू *शकतात* एवढंच, मूल तसंच जुळवतं असं त्यातून ठरत नाही. 1986 मध्येही एका मॉडेलने इंग्रजी भूतकाळ शिकताना मुलांसारख्याच चुका केल्या, आपलं पोर 'केलं'ला 'करलं' म्हणतं ना, तशाच, आणि केवढी चर्चा झाली. मग टीकाकारांनी दाखवलं, की आधी 10 क्रियापदं देऊन नंतर एकदम आणखी 410 ओतली म्हणून त्या चुका आल्या, मुलांच्या कानावर शब्द असे येतच नाहीत.

"टीव्ही लावा": याचाच मला सगळ्यात राग येतो, कारण अभ्यासात असं कुठेच नाही आणि याच्या उलट पुरावा 2003 चा आहे. सिएटलमध्ये 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन (चिनी भाषा) बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली, 12 सेशन, आणि बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता यायला लागले. तीच माणसं, तेच बोलणं दुसऱ्या बाळांना व्हिडिओवर दाखवलं तर काहीही फरक पडला नाही. घरात तान्हं बाळ असेल तर तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, बाळाशी बोला.