एलईडी बल्ब घेण्यापूर्वी गाडी एकदा भिंतीसमोर उभी करा

गेल्या पावसाळ्यात मी दुचाकीच्या हेडलाइटमधला ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब काढून एलईडी बल्ब बसवून घेतला आणि पंधरा दिवसांत तो काढूनही टाकला. पहिल्या रात्री समोरचा रस्ता पांढराशुभ्र उजळलेला पाहून मला फार आनंद झाला होता. मात्र मी डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, असतानाही समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण दिवा उघडझाप करून मला डिपर देत होता आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.

हॅलोजनच्या या बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा आकार काही मिलिमीटर लांबीच्या त्या तारेच्या नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी चपट्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप असतात. त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढेमागे झाल्या किंवा पट्टी थोडी तिरकी बसली, तरी प्रकाश वर फेकला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. स्वतःचाही फायदा वाटतो तेवढा होत नाही, कारण चाकापुढचा रस्ता फार लखलखीत झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचे वळण उलट कमी दिसते.

एलईडीला वीज कमी लागते, हे खरेच आहे. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाड्यांविषयी माझी तक्रार नाही, कारण त्यांचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच घडवलेली असते. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसवायचे काही एलईडी बल्ब कायदेशीर झाले, तेही चाचणी झालेल्या गाड्यांच्या ठरावीक मॉडेलांपुरतेच. तोच बल्ब एका गाडीत नीट चालतो आणि दुसरीत चालत नाही, हे तेथे अधिकृतपणे मान्य केलेले आहे.

आपल्याकडे मात्र बल्बच्या मागचा पंखा मावत नाही म्हणून रबरी टोपण सर्रास कापले जाते. माझेही कापले होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात डूममध्ये, म्हणजे हेडलाइटच्या काच-रिफ्लेक्टरच्या भागात, पाणी शिरले.

म्हणून ज्यांना बदल करायचाच आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जुना बल्ब काढण्यापूर्वी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, स्वतः गाडीवर बसा आणि डिपरच्या प्रकाशाची वरची कड दुसऱ्या कोणाकडून भिंतीवर खडूने आखून घ्या. नवा बल्ब बसवल्यावर प्रकाश त्या रेघेच्या वर सांडत असेल, तर तो बल्ब त्या गाडीसाठी नाही.

माझ्या गाडीचा खरा दोष वेगळाच निघाला. रिफ्लेक्टरची चकाकी गेली होती आणि होल्डरच्या पिना गंजल्यामुळे बल्बपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नव्हता. नवा डूम, नवा होल्डर आणि तोच ३५ वॅटचा हॅलोजन घेऊन मी आता रात्री घाट उतरतो, तेव्हा साईडपट्टीवरून चालणारा माणूस मला वेळेत दिसतो आणि समोरून कोणी डिपर देत नाही.