'पिंजरा'तल्या फडाची बाकीची माणसं

'पिंजरा' माझा आवडता पिच्चर आहे हे पहिलेच सांगतो, कारण खाली जे लिहितो ते वाचून काही लोक चिडतीन. १९७२ चा पिच्चर, दिग्दर्शक शांताराम बापू, डॉ. लागूंचे गाव सुधरवणारे आदर्श गुरुजी, संध्याबाईंची तमाशातली चंद्रकला, निळूभाऊ फुले, राम कदमांचं संगीत. आमच्या भंडाऱ्याकडं वरातीत आजही बॅन्डवाला 'दिसला गं बाई दिसला' वाजवते.

पण एक गोष्ट मले खुपते. चंद्रकला पण करते का या मास्तरच्या हातात तुणतुणं देऊन बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या स्टेजवर, उभा करीन, आन तसंच होते. ज्याले मेला समजून गावानं पुतळा उभारला तो माणूस फडात तुणतुणं धरून उभा राहते आन पाहणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येते, माझ्याही येते. आता त्याच्या बाजूले पहा ना जरा. ढोलकीवाला आहे, मागं सूर धरणारा झीलकरी आहे, मागं नाचणाऱ्या पोरी आहेत, ते तं रोज रात्री तिथंच उभे राहतात आन त्यावरच त्यांची लेकरं जगतात. गुरुजीसाठी जिथं आयुष्य संपलं ती यांची रोजची कमाई आहे, कला आहे. त्यांच्यासाठी कोणीच रडत नाही, कारण त्यांचं घर कुठं, मायबाप कोण, हे पिच्चरनं विचारलंच नाही. ज्या जर्मन पिच्चरवरून हे कथानक आलं म्हणतात, १९३० चा 'द ब्लू एंजल', त्यातही तेच, प्रोफेसर गाणारणीच्या मागं जाऊन स्टेजवर विदूषक होते. पडझड शिकलेल्या माणसाची, आन स्टेजवरची माणसं फक्त त्याले पाडायसाठी.

कोणी म्हणन का गोष्टच गुरुजीची आहे, तं बाकीच्यांचं कशाले दाखवायचं. मान्य. पण तमाशा उभा केला कोणी? कोल्हाटी, महार, मांग समाजाच्या माणसांनी. पवळाबाई हिवरगावकरीण, भाऊ-बापू मांग नारायणगावकर, विठाबाई. विठाबाई तं बाळंत होऊन परत बोर्डावर चढल्या. आन याच तमाशाच्या ढंगात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे, म्हणजे बाबासाहेबांचे विचार गाण्यातून सांगणारे कार्यक्रम, गावोगाव नेले, शिका म्हणून सांगितलं, अस्पृश्यतेवर बोलले. म्हणजे ढोलकी-तुणतुण्यावर गाव सुधरवायचं काम खरंच झालेलं होतं, त्याच जातीच्या माणसांनी केलेलं होतं. पिंजऱ्यात मात्र सुधारणा करणारा एकटा गुरुजी आन फड आला का गाव नासलं! हे मले पटत नाही, कितीही चांगला पिच्चर असला तरी.

दुसरं आमच्या भागाचं. मराठी पिच्चरमध्ये खेडं म्हणजे कोल्हापूर-सातारा, बोली तिकडची, तमाशा तिकडचा. प्रभात १९२९ ले कोल्हापुरातच सुरू झाली, शांताराम बापू तिथलेच, तं ते होणारच होतं, त्यात कोणाचा दोष नाही. पण दिवाळी झाली का आमच्याकडं मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरतात, तिथं दंडार असते, खडी गंमत असते, हे आमचे लोकनाट्याचे प्रकार, गण, गवळण, सगळं उभ्यानंच, आन नाच्या म्हणजे लुगडं नेसलेला गडी. २०१० ले 'नटरंग'मध्ये नाच्या मधोमध आला, लय बरं वाटलं, पण तोही तिकडचाच. आमचा शाहीर, आमचा नाच्या मोठ्या पडद्यावर असा मधोमध मी तं अजून पाहिला नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाले झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्या आहेत, नट आहेत, रात्रभर बसून नाटक पाहणारं पब्लिक आहे. त्यातल्या कोणीतरी असा पिच्चर काढा ज्यात बाहेरून गुरुजी येतच नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत रोवणी करणारा आन मंडईत लुगडं नेसून राधा होणारा माणूस, त्याची बायको त्याले काय म्हणते, पोरीसाठी पाहुणे आले का बापाबद्दल काय विचारतात, साथीदारांत पैसे कसे वाटले जातात, हे सगळं दाखवा आन आपल्या झाडीबोलीतच दाखवा.