‘भट्टीत टाकलं की सरळ होतं’ म्हणे!

इंजिनिअर मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. थ्रीडी प्रिंटरवर केलेला टायटॅनियमचा भाग फोर्जिंगपेक्षा, म्हणजे धातू तापवून ठोकून घडवलेल्या भागापेक्षा, मजबूत असतो. लेझरची पॉवर आणि वेग बदलून ग्रेन, म्हणजे धातूतले स्फटिकांचे कण, हवे तसे घडवता येतात. काही बिघडलंच तर भट्टीत टाकून सरळ करता येतं. सबब फोर्जिंगवाल्यांनी गाशा गुंडाळावा. यातलं पहिलं अर्धं खरं, दुसरं भलत्याच धातूचं आणि तिसरं साफ चूक आहे.

मजबुतीचं आधी उरकतो. ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा नेहमीचा टीआय-६-४ लेझरने पावडरीतून छापला, तर त्याची ताणशक्ती सहज ११०० मेगापास्कलवर जाते. घडीव मालाला किमान ८९५ लागते. आकडा खोटा नाही. पण वितळलेला धातू झटक्यात गार झाल्याने आत सुयांसारखी कडक स्फटिकरचना, म्हणजे मार्टेन्साइट, तयार होते, त्याची ही कमाई. ताणल्यावर तुटण्याआधी किमान १० टक्के लांबी वाढायला हवी, तिथे असा माल बरेचदा कमी पडतो. शिवाय विमानातला भाग बहुधा एका ओढीत तुटत नाही, हजारो-लाखो फेऱ्यांनी थकून तुटतो. तिथे खरखरीत पृष्ठभाग आणि आतली बारीक छिद्रं घात करतात.

आता ग्रेन. २०१५ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने इलेक्ट्रॉन बीम फिरवण्याची पद्धत जागोजागी बदलून ग्रेनच्या दिशांनी चक्क अक्षरं काढली. धातू होता इनकोनेल ७१८, म्हणजे निकेलचा मिश्रधातू. २०१७ साली एचआरएल प्रयोगशाळेने झिर्कोनियमचे सूक्ष्म कण मिसळून ग्रेन बारीक केले, ते अॅल्युमिनियममध्ये. टायटॅनियमने काय घोडं मारलंय?

खडीसाखर आठवा. दोऱ्यावर बसलेला खडा पाकातली साखर ओढून वाढत राहतो. इथेही नवा थर खालच्या ग्रेनचा माथा थोडा वितळवतो आणि गोठताना तोच ग्रेन पुढे वाढवतो. थर काही दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण ग्रेन कित्येक थर ओलांडून मिलिमीटरभर उंच खांब होतो. मध्येच नवा ग्रेन जन्मायचा तर गोठणाऱ्या कडेपुढचा द्रव पुरेसा अतिशीत (गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेला) हवा, आणि त्यासाठी मिश्रधातूतला एखादा घटक घनातून बाहेर ढकलला जायला हवा. अॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम घनात आणि द्रवात जवळपास सारखेच रमतात. मग लेझरच्या पॉवर-वेगाचे नॉब किती फिरवणार? सेटिंगने काहीच होत नाही असं मात्र नाही. मार्टेन्साइट छपाई चालू असतानाच फोडून बारीक पट्ट्यांची रचना मिळवता येते, हे २०१५मध्येच दाखवलं गेलंय. पण ती खांबाच्या आतली सजावट. खांब तसाच उभा.

(फोटो बघताना एक खबरदारी: नमुना थरांना समांतर कापला, तर खांबांची तोंडं दिसतात आणि ग्रेन छान गोल वाटतात. उभा काप मागा.)

भट्टीचा दावा पोलादाच्या सवयीतून आलाय. पोलाद तापवून गार केलं की रूपांतराच्या वेळी नवे ग्रेन जन्मतात. नॉर्मलायझिंग त्यावरच चालतं. टीआय-६-४ सुमारे ९९५ अंश सेल्सियसवर पूर्ण बीटा, म्हणजे त्याच्या उच्च तापमानाच्या स्फटिकरचनेचा, होतो. त्याच्या खाली तापवलं तर ताण निघतात, मार्टेन्साइट फुटतं, पट्ट्या जाडावतात, पण बीटा खांबांच्या सीमा तशाच राहतात. वर नेलं तर पट्ट्यांमध्ये उरलेला बीटा जुनी दिशा विसरत नाही, जुनाच ग्रेन परत येतो आणि फुगतो. सुमारे ९२० अंशांवर हिप केलं, म्हणजे तापवून चहूबाजूंनी वायूचा दाब दिला, तर छिद्रं मिटतात, खांब हलत नाहीत. नवे ग्रेन हवेत तर धातूला आधी मार द्यावा लागतो. फोर्जिंगचा हॅमर नेमकं तेच करतो.

म्हणूनच क्रॅनफिल्ड विद्यापीठात विजेच्या आर्कने तार वितळवून थर देताना प्रत्येक थरावर रोलर दाबून फिरवला, तेव्हा पुढच्या थराच्या उष्णतेने ग्रेन नव्याने बारीक घडले. ज्यांनी गाशा गुंडाळायचा, त्या फोर्जिंगवाल्यांचीच युक्ती! २०२०मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आरएमआयटीने वितळत्या धातूला २० किलोहर्ट्झचे हादरे देऊन सुमारे १०० मायक्रॉनचे गोल ग्रेन मिळवले. ताकद १२ टक्क्यांनी वाढली. पण तिथे पावडर नोझलमधून येत होती. पसरलेल्या सैल पावडरीच्या थराला असे हादरे द्यायचे म्हणजे थरच विस्कटायचा. २०१९मध्ये आरएमआयटीनेच सहकाऱ्यांसह टायटॅनियममध्ये ८.५ टक्क्यांपर्यंत तांबं घालून खांब मोडले, कारण तांबं बाहेर ढकललं जातं. फक्त तो मग टीआय-६-४ उरत नाही, आणि विमानात बसवायचा तर त्याच्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतात.