तुकोजीरावांनी ‘ॲब्डिकेट’च केलं: बडोद्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि खरमरीतही, म्हणून चार ओळींत न उरकता सवडीने लिहितोय.

इतरांसाठी वाद काय तो सांगतो. इंदूरचे महाराज तुकोजीराव (तिसरे) होळकरांवरच्या लेखात मी ‘१९२६ साली त्यांनी ॲब्डिकेट केलं’ असं लिहिलं. तुमचं म्हणणं, ॲब्डिकेट म्हणजे राजीखुशीने गादी सोडणं. इंग्रजांनी ज्याचा हात पिरगळला त्याला हे क्रियापद लावणं ही निव्वळ इंदुरी होळकरभक्ती, तिथे ‘डिपोज’च (पदच्युत करणं) हवं. वर बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवरून टोला: ‘आमच्या मल्हाररावांना सगळे डिपोज म्हणतात, मग तुमच्या तुकोजीरावांना सूट का?’

होळकरभक्तीचं सोडा, राजवाड्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला हा आरोप चिकटणारच. पण राजीखुशीची अट त्या क्रियापदात तुम्ही घातलीत. ॲब्डिकेटचा कर्ता राजा स्वतः असतो. डिपोजमध्ये राजा कर्म, आणि कर्ता दुसराच कुणी. सही कुणाची एवढंच ॲब्डिकेट सांगतं. ती करताना मानगुटीवर कोण बसलं होतं, ते वेगळं सांगावं लागतं. मनापासूनच्याच सह्या धरायच्या तर या शब्दाला गिऱ्हाइकं फार थोडी उरतील. २०१९ मध्ये वयापरत्वे पायउतार झालेले जपानचे अकिहितो चालतील. पण तुम्ही दाखला दिलेल्या इंग्लंडच्या आठव्या एडवर्डला तरी १९३६ मध्ये मोकळीक कुठे होती? सिंहासनावर राहून घटस्फोटित वॉलिस सिम्प्सनशी लग्न करणं पंतप्रधान बॉल्डविनच्या मंत्रिमंडळाला मान्य नव्हतं.

आता आमचं प्रकरण. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. हल्लेखोर आले होते ते त्याच्यासोबतच्या मुमताज बेगमला पळवायला. ही बाई इंदूर दरबारातून निघून गेलेली, आणि पकडलेल्यांचे धागेदोरेही इंदूरलाच पोचत होते. खटला संपला, शिक्षा झाल्या, तरी सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगापुढे उभे राहा, नाहीतर गादी सोडा. त्यांनी दुसरी धरली. २६ फेब्रुवारी १९२६ ला मुलगा यशवंतराव यांच्या नावे राज्य सोडलं. यशवंतराव तेव्हा अल्पवयीन होते, म्हणून १९३० पर्यंत कारभार रीजन्सी कौन्सिलने पाहिला. (या घराण्याला हे नवीनही नव्हतं. तुकोजीराव स्वतः १९०३ मध्ये गादीवर आले ते वडील शिवाजीरावांनी ॲब्डिकेट केल्यामुळेच.)

याच्या शेजारी तुमचे मल्हारराव ठेवा. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्यातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर याच्या सरबतात विष निघालं, संशय महाराजांवर आला आणि सहा जणांचं कमिशन बसलं. तिघे इंग्रज, तिघे आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. विलायतेहून आलेल्या सार्जंट बॅलंटाइन या वकिलाने मल्हाररावांची बाजू लढवली. कमिशन बरोबर मधोमध दुभंगलं, तीन विरुद्ध तीन. मग सरकारने विषाचं कलम बाजूला सारून गैरकारभाराचं पुढे केलं आणि एप्रिल १८७५ मध्ये जाहीरनामा काढून महाराजांना काढलं. इथे त्यांची सही कुणी मागितलीच नाही. गंमत म्हणजे कमिशनपुढे ज्यांनी साक्षी दिल्या त्यांच्यासाठीही इंग्रजीत डिपोजच वापरतात: साक्षीदारांनी डिपोज केलं आणि महाराज डिपोज झाले.

पण खरा फरक पुढे आहे, आणि तो तुम्ही विचारातच घेतला नाहीत. मल्हाररावांबरोबर त्यांच्या संततीचाही हक्क बुडाला. त्यांचे थोरले भाऊ आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायला परवानगी मिळाली आणि कवळाण्याचा गोपाळराव सयाजीराव म्हणून गादीवर बसला. तुकोजीरावांच्या मागे मात्र त्यांचा मुलगाच आला. सही करून त्यांनी मिळवलं ते हे. अशा वेळी दोघांना एकच क्रियापद लावलं तर इंदूरच्या कागदावर काय सौदा झाला, तेच पुसलं जातं.

तुमचा आक्षेप जिथे खरोखर बसतो ती जागा लंडनमध्ये आहे. १६८८ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स फ्रान्सला पळाला. त्याने कशावरही सही केली नव्हती. उलट राजमुद्रा थेम्समध्ये टाकून दिली. तरी जानेवारी १६८९ मध्ये संसदेच्या कॉमन्स सभागृहाने ठराव केला की राजाने ॲब्डिकेट केलंय आणि सिंहासन रिकामं आहे. दुसरं सभागृह, लॉर्ड्स, अडून बसलं: ‘ॲब्डिकेट’ नको, ‘डेझर्ट’ म्हणा, म्हणजे नुसतं टाकून गेला. फेब्रुवारीत त्यांनी मान तुकवली. स्कॉटलंडवाल्यांनी असला आडपडदा ठेवला नाही. राजाने हक्क गमावला आहे, असं त्यांनी सरळ लिहून टाकलं. तेव्हा राजाने न केलेली क्रिया संसदेने त्याच्या नावावर मांडली. तिथे खुशाल लबाडी म्हणा, मी दुजोरा देईन.

वर्तमानपत्रांत ‘जबाबदारी ॲब्डिकेट केली’ असं येतं तेव्हा त्यात कुचराईचा ठपका असतो, हे तुमचं बरोबर. पण तो अर्थ राज्यकर्त्यांवरून पुढे सरकलेला आहे. त्याच्या मापाने १९२६ मोजता येणार नाही.

मराठीत मी ‘गादी सोडायला लावली’ म्हणालो असतो. सोडणारा आणि लावणारा दोघेही त्यात येतात, इंग्रजीत एकाला वगळावं लागतं. लेख मुळात इंग्रजी उताऱ्यांवर होता, म्हणून तिथे ॲब्डिकेटच राहील.